वॉरंटीत तारीख नसते

मोटारसायकलचा यांत्रिक बिघाड निदान बोलतो तरी. चेन सैल झाली की खडखडते, ब्रेकशू झिजले की घासल्याचा आवाज येतो, क्लच प्लेट जळली की वास सुटतो. विजेचा बिघाड मुका असतो आणि वर लबाडही. भर पावसात खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी गपकन बंद पडते. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून शोरूमला न्यावी, तर पहिल्याच सेल्फला सुरू होते. सर्व्हिस ॲडव्हायजर दोनदा थ्रॉटल पिळतो आणि म्हणतो, "गाडी तर ओके आहे, सर." गाडी धुऊन, चेनला वंगण लावून परत मिळते. आठवड्याने पुन्हा तेच.

वॉरंटी शिल्लक असतानाही अशी गाडी तीन-तीन आठवडे सर्व्हिस सेंटरच्या मागच्या शेडमध्ये का पडून राहते, याची कारणं दोन ठिकाणी सापडतात. एक गाडीच्या वायरिंगमध्ये, दुसरं वॉरंटीच्या कागदात. दोन्ही नीट वाचता आली, तर मालक वाटतो तितका हतबल राहत नाही.

किक गेली, ईसीयू आला

जुन्या गाड्यांचं एक बरं होतं. त्यांतल्या बहुतेकींना सुरू व्हायला बॅटरी लागतच नसे. ठिणगीपुरती वीज इंजिनच तयार करी. बॅटरी मेली तर हॉर्न आणि इंडिकेटर जायचे, पण किक मारली की गाडी घरी यायची. गेल्या दशकभरात हे चित्र पालटलं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत कायम जळू लागला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स हे प्रदूषणाचं मानक आलं आणि कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, विजेवर चालणारा पेट्रोल पंप, ऑक्सिजन सेन्सर आणि या सगळ्यांचा कारभार पाहणारा ईसीयू आला. अनेक मॉडेलांची किकही गेली.

आता पेट्रोल पंपाला आणि ईसीयूला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही, तर गाडी ढकलूनही सुरू होईलच असं नाही. साइड स्टँडच्या अंगठ्याएवढ्या स्विचमध्ये चिखल बसला, तरी गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. जिथे पूर्वी चार वायरी तपासल्या की काम भागत असे, तिथे आज सेन्सर, रिले आणि कपलरची रांग लागलेली असते. त्यांतलं एक जरी अधूनमधून डोळा मारू लागलं, तरी त्रास सगळ्या गाडीला.

वीज कुठून येते

इंजिनच्या कव्हरखाली, क्रँकशी जोडलेलं एक फिरतं चुंबक असतं; मेकॅनिक त्याला नुसतं मॅग्नेट म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. ही कॉइल, म्हणजेच स्टेटर. इंजिन फिरलं की तिच्यात एसी वीज तयार होते आणि बहुतेक गाड्यांत ती तीन सारख्या रंगाच्या, बहुधा पिवळ्या वायरींमधून बाहेर येते. पुढे रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट, तिची डीसी करतो आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. बऱ्याच गाड्यांत हा युनिट जास्तीची वीज कॉइलकडेच वळवून उष्णतेच्या रूपात घालवतो. म्हणून त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचे पंख असतात आणि तो वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो.

सोसायटीतल्या पाण्याच्या व्यवस्थेशी हे जुळतं. स्टेटर हा पंप, आरआर युनिट हा व्हॉल्व्ह आणि बॅटरी ही गच्चीवरची टाकी. नळाला पाणी नाही म्हणून कोणी टाकी बदलत नाही. आधी पंप चालतोय का ते बघतात. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र पहिला बळी हमखास बॅटरीचा जातो. नवी बॅटरी बसते, ती भरलेली असल्यामुळे गाडी चार-आठ दिवस उत्तम चालते आणि मूळ दोष तसाच असल्याने पुन्हा बसकण मारते. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा गाडीच्या वॉरंटीहून वेगळी आणि कमी मुदतीची असते, हेही तेव्हाच कळतं.

तीन आकडे, एक मीटर

इलेक्ट्रिकलच्या दुकानात तीन-चारशे रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टीमीटर घरी असावा. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापायची नाही, कपलर उपसायचे नाहीत. पण बॅटरीच्या दोन टोकांवर मीटरच्या सुया टेकवण्याने वॉरंटीला काही होत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल सुई प्लसला, काळी मायनसला.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावरचा. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते आणि १२ च्या खाली जवळपास संपलेली. दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. स्टार्टर मोटर वीज ओढते तेव्हा व्होल्टेज खाली येणारच, पण ते १० च्या बरंच खाली कोसळत असेल, तर बॅटरी दमली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. इथेच ईसीयू रीसेट होतो, डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे नाचतात आणि रिलेचा कटकट आवाज येतो. तिसरा आकडा इंजिन सुरू असताना, थ्रॉटल तीन-चार हजार आरपीएमवर धरून घ्यायचा. साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला, तर चार्जिंग ठीक. थ्रॉटल दिला तरी आकडा साडेबाराच्या वर सरकत नसेल, तर स्टेटर, आरआर युनिट किंवा त्यांच्यामधला कपलर दोषी. १५ च्या वर जात असेल, तर आरआर युनिटने लगाम सोडला आहे. अशी गाडी चालवत राहिलं की बॅटरी उकळते, बल्ब जातात आणि महागडा ईसीयूही धोक्यात येतो.

पुढची चाचणी मेकॅनिकने करायची, पण आपल्याला ती माहीत असावी. स्टेटरचा कपलर सोडून तीन पिवळ्या वायरींपैकी दोन-दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजतात. तिन्ही जोड्यांवर ते सारखं यावं आणि आरपीएमबरोबर वाढावं. एक जोडी मागे पडली तर वेटोळं जळलं आहे. कोणत्याही पिवळ्या वायरीचा इंजिनच्या बॉडीशी मीटरने संबंध दाखवला, तर कॉइल अर्थ झाली आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे हे. "स्टेटरचं एसी व्होल्टेज तपासलं का?" एवढा एक प्रश्न काउंटरवर विचारला, तरी समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो.

गाडी उभी राहून बॅटरी उतरत असेल तर गणित आणखी सोपं. समजा, बॅटरी ९ अँपिअर-तासांची आहे आणि चावी बंद असतानाही कुठेतरी ५० मिलिअँपिअर करंट झिरपतो आहे. ९००० ला ५० ने भागलं की १८० तास, म्हणजे साडेसात दिवस. गणपतीला गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलेल्या माणसाची गाडी सुरू होत नाही, ती अशी. ही गळती बहुतेक वेळा मागाहून बसवलेल्या जीपीएस, अलार्म किंवा मोबाइल चार्जरची निघते. चावी बंद असताना दोन-चार मिलिअँपिअर जाणं स्वाभाविक आहे. त्याच्या दहापट जात असेल तर शोध घ्यायलाच हवा.

लपून बसणारे दोष

मोजून सापडणारे दोष त्यातल्या त्यात सज्जन. छळतात ते येऊन-जाऊन करणारे. त्यांच्या काही ठरलेल्या जागा आहेत.

पहिली जागा हँडलखालचा मानेचा भाग. इग्निशन स्विचकडून येणारं वायरींचं जुडगं तिथून वळतं आणि हँडल फिरलं की तेही फिरतं. हजारो वळणांनंतर आतली तांब्याची तार तुटते. वरचं प्लॅस्टिकचं आवरण मात्र शाबूत राहतं. नुसतं बघून काही कळत नाही. इंजिन सुरू ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. एका विशिष्ट कोनात मीटर विझला किंवा इंजिन अडखळलं, तर चोर सापडला.

दुसरी जागा अर्थिंगची. बॅटरीच्या मायनसची जाड वायर इंजिनला किंवा चासीला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथे गंज चढला की गाडीभर विचित्र खेळ सुरू होतात. इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो, हॉर्न दाबला की मीटर झपकतो. सेल्फ मारताना मायनस टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर तो बोल्ट सोडून, घासून, पुन्हा आवळायला हवा. खर्च शून्य. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हा उपाय वर्षातून एकदा करावाच.

तिसरी जागा कपलरच्या आत. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट हेडलाइटच्या मागे किंवा सीटखाली मारला की पाणी कपलरमध्ये शिरतं, पिनांवर हिरवट पूड जमते आणि करंट कधी जातो, कधी अडतो. पाण्याचा हा खेळ कंपन्यांनाही चुकलेला नाही. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३०० ते ३५० सीसीच्या काही मोटारसायकली परत बोलावल्या, त्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरमध्ये पाणी जाऊ शकतं म्हणून. सेन्सरच्या मोल्डिंगमध्येच उणीव राहिली होती आणि त्यामुळे एबीएसच्या कामात बिघाड होण्याची शक्यता होती.

रॉयल एन्फिल्डचं मे २०२१ मधलं उदाहरण आणखी बोलकं आहे. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तयार झालेल्या २,३६,९६६ गाड्या कंपनीने तपासणीसाठी परत बोलावल्या. बुलेट, क्लासिक आणि मीटिऑर ही ती मॉडेलं. दोष इग्निशन कॉइलचा. तिच्यामुळे गाडी मिसिंग करू शकत होती, ताकद कमी पडू शकत होती, क्वचित शॉर्ट सर्किटही होऊ शकत होतं. असा दोष असलेल्या गाडीचा मालक एकेकटा सर्व्हिस सेंटरला गेला, तर "प्लग साफ केला, चालवून बघा" असं ऐकून परत येणार. म्हणून भांडायला जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला चासी नंबर टाकून रिकॉल आहे का, ते पाहावं. असेल तर दुरुस्ती फुकट आणि वादच संपला.

चौथी जागा आपणच तयार केलेली. जोडीला ४०-४० वॉटचे दोन फॉगलाइट बसवले की जवळपास पावणेसात अँपिअरचा बोजा वाढतो. वायर मध्येच सोलून, रिले-फ्यूजशिवाय, काळ्या टेपने गुंडाळून हे काम झालं असेल, तर दोष कुठलाही निघो, सर्व्हिस सेंटरला हात वर करायला आयतं कारण मिळतं. पुण्या-मुंबईच्या पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही वॉरंटीत बसत नाही. तिच्यासाठी विमा कंपनीचं दार ठोठावावं लागतं.

शेडमध्ये गाडी का थांबते

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. वॉरंटीच्या कामाचे पैसे ग्राहक देत नाही, डीलरही देत नाही. ते कंपनीकडून डीलरला मिळायचे असतात. त्यासाठी दोष सिद्ध करून, फोटो-व्हिडिओसह क्लेम पाठवावा लागतो. सुटा भाग महागडा असेल, तर कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरची मंजुरी लागते. भाग डेपोत नसेल तर तो मागवावा लागतो. जुना भाग कंपनीला परत दाखवायचा असल्याने तोही सांभाळून ठेवावा लागतो. या साखळीत एक कडी अडली की गाडी थांबते.

त्यातही खरी मेख मजुरीची आहे. कंपनी मजुरी देते ती ठरावीक कामाच्या ठरावीक वेळेची. आरआर युनिट बदलायला अमुक मिनिटं, वायरिंग किट बदलायला तमुक तास. पण अधूनमधून येणारा दोष शोधायला दोन दिवस गेले, तर त्या दोन दिवसांचा मोबदला सहसा मिळत नाही. भाग बदलण्याला पैसे आहेत, शोधण्याला नाहीत. साहजिकच शेडमधला कुशल मुलगा रोजच्या वीस सर्व्हिसिंगकडे जातो आणि आपली गाडी 'उद्या बघतो' या रांगेत उभी राहते. सगळे डीलर लबाड असतात असा याचा अर्थ नाही. ही व्यवस्थाच अशी आहे, की दोष स्वतःहून समोर येईपर्यंत कोणालाच घाई नसते.

वॉरंटीचं पुस्तक उघडून पाहा. किती महिने, किती किलोमीटर, कुठले भाग, कुठल्या अटी, सगळं बारीक अक्षरांत दिलेलं असतं. दुरुस्ती किती दिवसांत करून देऊ, हे मात्र सहसा कुठेच नसतं. ती तारीख आपल्यालाच लिहून घ्यावी लागते.

लिहून घ्या, लिहून द्या

सुरुवात जॉब कार्डापासून करावी. ॲडव्हायजर सवयीने 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' किंवा 'जनरल चेकअप' लिहितो. त्याऐवजी असं लिहायला लावावं: "इंजिन तापल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, हँडल डावीकडे वळवताच मीटरसह सगळं बंद पडतं, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. सोबत व्हिडिओ." किलोमीटर, तारीख आणि गाडी सोडतानाचं बॅटरीचं व्होल्टेजही त्यावर हवं. या चार ओळींनी मेकॅनिकचा निम्मा शोध वाचतो आणि पुढे वाद झालाच तर हाच पहिला पुरावा ठरतो. दोष दिसेल तेव्हा मोबाइलवर टिपून ठेवावा. डॅशबोर्ड, इंजिनचा आवाज आणि आजूबाजूचा पाऊस एकाच चित्रणात आला तर उत्तम.

गाडी ठेवताना तीन गोष्टी विचाराव्यात: क्लेम कधी पाठवला, भाग कधी मागवला, अपेक्षित तारीख कोणती. तोंडी उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी तेच मुद्दे डीलरला ई-मेल करावेत, कंपनीच्या ग्राहक सेवेला प्रत द्यावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. 'आज सकाळी झालेल्या बोलण्यानुसार' अशी सुरुवात पुरे. आवाज चढवण्याची गरज नसते. गाडी बरेच दिवस राहणार असेल, तर बॅटरी सोडून ठेवायला सांगावं. परत घेताना कोणता भाग बदलला, ते बिलावर असू द्यावं आणि चालवून पाहिल्याशिवाय समाधानाच्या रकान्यात सही करू नये. वॉरंटी संपायला आठ दिवस असताना नोंदवलेली तक्रार आणि संपल्यावर आठ दिवसांनी नोंदवलेली तक्रार, यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. क्रमांक १९१५. तिथून तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि बरीच प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात. त्यापलीकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. मालातला दोष आणि सेवेतली उणीव, दोन्ही त्यात येतात. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाकडे जाता येतं. किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणजे बहुतेक मोटारसायकली यातच बसतात. गाडी पुण्यात घेतली आणि आपण साताऱ्यात राहतो, तर तक्रार साताऱ्यातही दाखल होते. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही पक्षकार करावं. नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अपेक्षाही जमिनीवर ठेवाव्यात. नवी गाडीच मिळावी, ही मागणी सहज मान्य होत नाही. २००६ मध्ये एका कारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची वॉरंटी असेल, तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. उत्पादनातच दोष आहे असं म्हणायचं, तर ते तज्ज्ञाच्या तपासणीतून दाखवावं लागतं. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो. त्या मानाने 'गाडी अमुक दिवस पडून राहिली, चार वेळा तोच दोष नोंदवला, चारही वेळा न सुटता परत मिळाली' ही सेवेतल्या उणिवेची तक्रार कागदांवर उभी राहते. तिला प्रयोगशाळा लागत नाही. चार जॉब कार्डं आणि त्यांवरच्या चार तारखा लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर पेन हातात आलं, की सही करण्याआधी जॉब कार्ड पूर्ण वाचा. तिथे 'जनरल चेकअप' लिहिलं असेल तर ते खोडायला लावा, आपला दोष आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.